चार बोटं गवत

गवत मोजायची नोकरी असते असं सांगितलं की माणसं आधी हसतात. मी गंमत करत नाहीये हे कळल्यावर पुन्हा हसतात. चौदा वर्षं मी ही नोकरी केली, आणि त्यातली पहिली आठ इतकी चोख केली की त्या चोखपणाचा मला आज राग येतो.

मोजायचं ते टिटवीच्या घरट्याभोवतीचं गवत. आमच्या घरांच्या रांगा संपतात तिथून कुरण सुरू होतं, शंभरेक एकरांचं, थोडं दलदलीचं. तिथे येणारी टिटवी डोक्यावर तुरा असलेली. ती दर वर्षी थंडी ओसरली की यायची, पिल्लं वाढवायची आणि निघून जायची. तिच्या घरट्याला घरटं म्हणायचं ते आपलं रीत म्हणून. नर जमिनीवर छाती टेकून गोल फिरतो आणि वाटीएवढा खळगा करतो. असे पाच-सहा खळगे करून मादीला दाखवतो, त्यातला एक तिला पसंत पडतो, मग दोन-चार काड्या आणि मातीच्या रंगाची चार अंडी, टोकं आत वळवून ठेवलेली. झाला संसार. अठ्ठावीस दिवस आळीपाळीने बसायचं. वर छप्पर नाही, बाजूला भिंत नाही.

कुठलं घरटं तरतं आणि कुठलं जातं, आणि त्यात भोवतालच्या गवताचा हात किती, हे शोधायला डॉक्टर आले होते. औषधं देणारे डॉक्टर नव्हेत, पक्ष्यांवर पदवी घेतलेले. पण सगळे त्यांना डॉक्टरच म्हणायचे आणि चहाच्या टपरीवर पाठदुखी सांगायचे. कुरणाच्या कडेला पत्र्याच्या छपराचं केंद्र उभं राहिलं आणि मी तिथे मदतनीस म्हणून लागले. माझ्याकडे एक दुर्बीण, एक पट्ट्यापट्ट्यांची काठी, लोखंडी फूटपट्टी आणि वह्या. काम डोळ्यात तेल घालून करायचं, एवढंच मला सांगितलं होतं.

कामाचा एक नियम होता. तो सांगते, कारण सगळं त्याच्यावर येऊन थांबतं. पक्षी अंड्यांवर बसलेला असताना जवळ जायचं नाही. आपण गेलो की गवत तुडवलं जातं, वाट पडते आणि त्या वाटेने कोल्हा येतो. म्हणून घरट्याचा निकाल लागेपर्यंत लांबून पाहायचं. अंडी कावळ्याने नेली किंवा पिल्लं बाहेर पडून चालती झाली, की त्याच दिवशी जायचं आणि गवत मोजायचं. नियम शहाणपणाचा होता. त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. तुम्हालाही आत्ता दिसलं नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, आम्हाला चौदा वर्षं लागली.

कुरणात चरणारा सगळ्यात मोठा कळप माझ्या दादाचा होता. दोनशे दहा मेंढ्या. वडिलांकडून त्याच्याकडे आलेल्या, आणि तो त्यांच्यातच वाढलेला, त्यामुळे माणसांशी बोलतानाही थोडं लांब पाहून बोलायचा. मी फूटपट्टी घेऊन फिरायला लागले तसं त्याने माझं नावच फूटपट्टी करून टाकलं. वहिनी, मुलं, शेजारी, सगळे तेच म्हणायला लागले. मला ते आवडायचं, हे मी कधी कबूल केलं नाही.

दादाचं स्वतःचं एक माप होतं. तो खाली वाकून हाताची चार बोटं गवतात आडवी धरायचा, करंगळी जमिनीला टेकवून. गवत बोटांच्या वर आलं नसेल तर म्हणायचा, इथे बसेल. वर गेलं असेल तर म्हणायचा, इथे नाही बसणार, हिला लांबचं दिसायला लागतं. मी त्याची चेष्टा करायचे. तुझी बोटं जाड, माझी बारीक, मग टिटवीने कुणाच्या बोटांचं ऐकायचं, असं विचारायचे. तो हसून पुढे जायचा. एखादी टिटवी अंड्यांवर आहे असं दिसलं की तो कळप वळवून दुसऱ्या बाजूला न्यायचा आणि पिल्लं निघेपर्यंत तिकडे फिरकायचा नाही. कुणी सांगितलं नव्हतं. वडील तसं करायचे म्हणून तोही करायचा.

आठ वर्षांत मी एकशे त्र्याऐंशी घरटी मोजली. डॉक्टरांनी आकडे मांडले तेव्हा निकाल इतका स्वच्छ आला की आम्ही दोघांनी त्या दिवशी बिस्किटांचा मोठा पुडा फोडला. गेलेल्या घरट्यांभोवती गवत सरासरी नऊ सेंटिमीटर. तरलेल्या घरट्यांभोवती सतरा. म्हणजे उंच गवत अंडी झाकतं, आखूड गवत उघडी पाडतं. लहान मुलालाही पटेल. आणि गवत आखूड कशाने होतं? मेंढ्यांनी.

केंद्राच्या लांबट खोलीत बैठक झाली. वरच्या कार्यालयातली तीन माणसं आली होती. कळपवाले तिघे होते, त्यात दादा. खुर्च्या कमी पडल्या म्हणून ते भिंतीला टेकून उभे होते. डॉक्टरांनी पडद्यावर दोन खांब दाखवले, एक ठेंगणा, एक उंच. मग कुणाला काही बोलायचंय का, असं विचारलं. दादा बोलला. त्याला चार माणसांत बोलायची सवय नव्हती, तरी बोलला. म्हणाला, गवत वाढवलंत तर ती येणारच नाही. तिला बसल्या जागेवरून कोल्हा दिसायला पाहिजे. चार बोटांवर गवत गेलं की ती बसत नाही, मी लहानपणापासून बघतोय.

कार्यालयातल्या माणसांनी मान हलवली, जशी हलवायची असते तशी. तेवढ्यावर विषय संपला असता. पण मला राहवलं नाही. माझ्या आठ वर्षांच्या ओल्या बुटांना कुणी चार बोटांत मोजत होतं, आणि ते माझा भाऊ करत होता. मी वह्यांचा गठ्ठा हातात घेऊन उभी राहिले.

"दादा, तुझं नुसतं बघणं आहे," मी म्हणाले. "माझ्याकडे आठ वर्षं लिहिलेलं आहे."

कुणीतरी हसलं. दादाने माझ्याकडे पाहिलं, लांब नाही, अगदी माझ्याकडे.

त्याच वर्षी कुरणाला तारेचं कुंपण पडलं. फाटकाची किल्ली माझ्याकडे आली. दादाने कळप दोन खेपेत विकला. पुढे चालणाऱ्या म्हाताऱ्या मेंढीच्या गळ्यातली घंटा तेवढी काढून ठेवली, ती त्यांच्या घरी दाराजवळच्या खिळ्याला अजून आहे. बाकीच्या दोघा कळपवाल्यांनीही विकलं. दादा पार्सलच्या गोदामात लागला. दिवसभर ट्यूबलाइटखाली उभं राहून पट्ट्यावरून येणारे खोके पत्त्याप्रमाणे वेगळे करायचे. मोकळ्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला तिथे खिडकीसुद्धा नव्हती.

आमचं भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. बैठकीनंतर आठवड्याने मी घरी गेले तर दादा म्हणाला, "या. बसा. चहा घेता ना तुम्ही?" मला वाटलं, चेष्टा करतोय. वहिनीच्या चेहऱ्याकडे पाहिलं तेव्हा कळलं की नाही. ज्या भावाने मला पाठीवर घेऊन नाला ओलांडून शाळेत नेलं होतं, तो मला अहो-जाहो करायला लागला. सहा वर्षं त्याने ते सोडलं नाही. फूटपट्टी हे नाव घरातून असं गेलं की जणू कधी नव्हतंच.

आणि कुरणाचं काय झालं ते आता सांगते, कारण ते सांगायला कुणी मला लावलेलं नाही आणि टाळायला मात्र पुष्कळांनी सुचवलं. कुंपण पडलं त्या वर्षी चाळीस जोड्या बसल्या. पुढच्या वर्षी एकतीस. मग बावीस. डॉक्टर म्हणाले, एखाददुसरं वर्ष असं जातं. मग चौदा. डॉक्टर म्हणाले, हवा विचित्र आहे. मग आठ. डॉक्टर काही म्हणाले नाहीत. गवत गुडघ्यापर्यंत आलेलं, खाली जुन्या वाळक्या गवताची गादी, वर नवं. दुर्बिणीतून पाहिलं की टिटव्या कुरणावर घिरट्या घालताना दिसायच्या, उतरायला जागा शोधत, आणि मग रस्त्याच्या कडेला, ट्रक वळवतात त्या खडीवर जाऊन बसायच्या. तिथे अंडी किती दिवस राहणार? सहाव्या वर्षी तीन जोड्या आल्या आणि तिघींची अंडी गेली. त्यातल्या एकीचं खडीवरचं घरटं मी मोजायला गेले. भोवती गवत शून्य. मी शून्य लिहिलं आणि मनात म्हणाले, बघा, आखूड गवत. इतकी मी पक्की होते.

त्या हिवाळ्यात केंद्र बंद करायचं ठरलं. जुन्या वह्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा असं पत्र आलं. डॉक्टर शहरातल्या मुख्य कार्यालयात जाऊन बसायला लागले होते, इथे मी एकटीच. पत्र्यावरून थंडी खाली उतरायची, हीटर पायाशी घेऊन मी बसायचे. आम्ही वह्या नेहमी निकालाप्रमाणे लावत असू, तरलेल्या एका कप्प्यात, गेलेल्या दुसऱ्यात. कॉम्प्युटरला मात्र तारीख आधी हवी होती. तारखेच्या रकान्याशिवाय तो पुढे सरकतच नव्हता. म्हणून मी चडफडत सगळी पानं टेबलावर पसरली आणि हंगामाच्या दिवसाप्रमाणे लावली.

चौदा नंबरचं घरटं आणि पंधरा नंबरचं घरटं, तिसऱ्या वर्षीची. दोघांमध्ये चाळीस पावलांचं अंतर. दोन्हीकडे अंडी एकाच आठवड्यात पडलेली. चौदाची अंडी सहाव्या दिवशी कावळ्याने नेली. त्याच दिवशी मी मोजलं, गवत आठ. पंधराची पिल्लं अठ्ठाविसाव्या दिवशी निघाली. त्या दिवशी मोजलं, गवत अठरा. खाली समासात माझ्याच अक्षरात पेन्सिलीने एक ओळ होती. मला कसलीही टीप लिहून ठेवायची खोड आहे. "परतताना चौदाच्या जागी बसून डबा खाल्ला. तिथेही आता अठरा. बूट ओले."

मी ती ओळ वाचली आणि पुढचं पान घेतलं. मग परत मागे आले.

तिथेही आता अठरा. म्हणजे गेलेल्या घरट्याभोवतीही गवत तेवढंच वाढलं होतं. मी फक्त बावीस दिवस आधी मोजलं होतं. जे घरटं जातं ते लवकर जातं, म्हणून त्याचं गवत मी लवकर मोजायचे, आखूड असताना. जे तरतं ते महिनाभराने निकाली लागतं, म्हणून त्याचं गवत मी महिनाभराने मोजायचे, वाढल्यावर. नऊ आणि सतरा यांच्यामध्ये टिटवीचं काही नव्हतं. मध्ये फक्त तीन आठवडे होते. गवत वाढतं, एवढाच शोध आम्ही आठ वर्षं राबून लावला होता.

आणि ते इतकं का वाढलं, मेंढ्या असताना? कारण दादा बसलेल्या टिटवीजवळून कळप वळवून न्यायचा. त्याने पक्ष्याला दिलेली सवलत माझ्या वहीत त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून उमटली होती. हे कळलं तेव्हा मी हीटर बंद केला, का ते आठवत नाही, आणि बराच वेळ थंडीत बसून राहिले. मला रडू आलं असं लिहिणार होते, पण आलं नाही. स्वतःच्या थोबाडीत मारावी असं वाटलं आणि तेही केलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन केला. समासातली ओळ वाचून दाखवली. ते हुशार आहेत, त्यांना दुसरं वाक्य लागलं नाही. म्हणाले, त्यांनाही गेली दोन वर्षं काहीतरी खुपत होतं, पण पुन्हा मांडून पाहायचा धीर झाला नाही. त्या निकालावर त्यांची बढती झाली होती, दुसऱ्या सहा कुरणांना कुंपणं पडली होती. मी विचारलं, आता? ते म्हणाले, कार्यालयाला लिहितो, उन्हाळ्यानंतरच्या बैठकीत विषय येईल. मी म्हणाले, टिटव्या थंडी ओसरली की येतात, बैठक बघून येत नाहीत. यावर ते हळू आवाजात म्हणाले, "किल्ली तुमच्याकडेच आहे. मी काही पाहिलेलं नाही." हे त्यांनी भित्रेपणाने म्हटलं की चांगुलपणाने, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

दादाला सांगायचं होतं. घरी सांगितलं असतं तर वहिनी मध्ये पडली असती, म्हणून मी गोदामावर गेले. जेवणाच्या सुट्टीत तो मागच्या धक्क्यावर एकटाच डबा उघडून बसला होता. मला पाहून सरकला आणि म्हणाला, "बसा." मी बसले. पाठ केलेलं सगळं विसरले. वही काढली आणि ते पान त्याच्या मांडीवर ठेवलं. त्याने ओळ वाचली. त्याला कळणार नाही म्हणून मी समजावून सांगायला लागले तर त्याने हात वर करून थांबवलं.

"आधी मोजलं आणि नंतर मोजलं," तो म्हणाला. "एवढंच ना?"

"एवढंच."

तो जेवत राहिला. मी म्हणाले, दादा, माझी चूक झाली. चारचौघांत तुला खाली पाहायला लावलं, तीही झाली. ट्रक मागे येत होता, त्याची पिपाणी वाजत होती. डबा धुऊन, फडक्याने पुसून, झाकण लावून झाल्यावर त्याने विचारलं, "आता किती आहे गवत?"

गुडघ्याएवढं, मी म्हणाले.

"विळे आहेत माझ्याकडे दोन," तो म्हणाला. "रविवारी ये."

या नव्हे, ये. सहा वर्षांनी. मी वही पिशवीत घालायचं निमित्त करून मान खाली घातली.

हंगामाला दहा आठवडे होते, म्हणजे दहा रविवार. मेंढ्या आणाव्यात तर आता आसपास कुणाकडे कळप उरला नव्हता. आमच्या कुंपणाने तेवढं काम पुरतं केलं होतं. यंत्र दलदलीत रुतलं असतं. राहिले आम्ही दोघं. वाळकं गवत दोरखंडासारखं गुंतलेलं, विळा लावला की वाकायचं, तुटायचं नाही. पहिल्या रविवारी संध्याकाळी मागे वळून पाहिलं तर दोन घरांएवढी जागा मोकळी झाली होती. दादा म्हणाला, हे म्हातारीने एका सकाळी गप्पा मारत संपवलं असतं. म्हातारी म्हणजे ती घंटावाली मेंढी.

मी सुचवलं की गेल्या वर्षी जिथे त्या घिरट्या घालत होत्या तेवढीच गोल जागा साफ करू. दादाने कपाळाला हात लावला. गवतात मध्येच टक्कल ठेवलंस तर कावळ्याला पत्ता लिहून दिल्यासारखं होईल, म्हणाला. कापायचं तर एकसलग, रस्त्याकडून दलदलीपर्यंत, आणि अगदी खरवडून नाही, चार बोटं ठेवून. मी पिशवीतून फूटपट्टी काढायला लागले. त्याने फक्त पाहिलं. मी ती परत ठेवली आणि चार बोटं धरायला शिकले, सत्तेचाळिसाव्या वर्षी.

त्या दहा रविवारी मी सुखी होते. सांगायला लाज वाटते, पण होते. माझा गुडघा सुजायचा, त्याची पाठ धरायची, वहिनी दुपारी चहाचा थर्मास घेऊन यायची आणि आम्हा दोघांना वेड लागलंय असं ज्याला त्याला सांगत परत जायची. पाचव्या रविवारी दादा लांबून ओरडला, "फूटपट्टी, तिकडे उंच राहिलंय." मी तिकडे जाऊन कापत राहिले. शेवटी अर्धा एकर झाला. शंभरातला अर्धा. पण एकसलग, रस्त्यापासून पाण्यापर्यंत, आणि आडवं झालं की टोकापर्यंत दिसत होतं. मी स्वतः पालथी पडून हनुवटी जमिनीला टेकवून पाहिलं. दादाचे बूट साठ पावलांवरून दिसले.

हंगामाच्या पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. चौथ्या दिवशी नाही. नवव्या दिवशी सकाळी मी फाटक उघडत होते तेव्हा वरून तो आवाज आला आणि माझ्या हातातून किल्ली पडली. एक टिटवी. ती खडीवर गेली नाही. कुरणावरून दोन फेऱ्या मारल्या, गिरकी घेतली आणि आम्ही कापलेल्या पट्ट्यात उतरली. तुरा लांब होता, नर होता. नर आधीच येतो. मी गोदामात फोन लावून दादाला बोलावून घ्यायला लावलं आणि एवढंच म्हणाले, उतरला. तो म्हणाला, बरं. मग म्हणाला, "कुठे?" मी जागा सांगितली. त्याने तीन वेळा सांगायला लावली.

त्याच दुपारी नराने पहिला खळगा केला. मी दुर्बिणीतून पाहत होते. छाती टेकवून फिरला, माती मागे उडवली, उठला, बाजूला झाला, मान लववून शेपटी वर केली, म्हणजे हा बघ, कसा वाटतो. मग वर उडून हाका मारत फिरला आणि खाली येऊन दुसरा केला. मी वहीत लिहिलं, खळगे दोन. नवं पान, तारखेप्रमाणे.

तो उतरल्यापासून पाचव्या दिवसापर्यंत खळगे सहा झाले. एवढे नेहमीच होतात. मादी आठवडाभर मागे असते. दहाव्या दिवशी अकरा झाले. दादा रात्रपाळी मागून घेऊन सकाळी परस्पर इकडे यायला लागला, डोळे लाल, डबा हातात. आम्ही कुंपणाच्या खांबाशी बसायचो. नर आमच्यासमोर खळगा करायचा आणि कुणीही नसलेल्या बाजूला वाकून दाखवायचा. पंधराव्या दिवशी दादा म्हणाला, पलीकडच्या पाणथळीवर असतील, वारा पडला की येतील. तो स्वतःला समजावतोय हे मला कळत होतं, आणि मी हो म्हणाले. मी डॉक्टरांना फोन करून इतर सहा कुरणांचं विचारलं. पाच ठिकाणी या वर्षी एकही नाही, सहाव्या ठिकाणी दोन दिसल्या आणि गेल्या. नंतर ते काहीतरी माफीचं बोलत होते, मी ऐकलं नाही.

पंचविसाव्या दिवशी खळगे तेवीस झाले. मग त्याने नवे करणं थांबवलं. जुन्यांमध्येच जाऊन बसायचा, एकात थोडा वेळ, मग दुसऱ्यात. हाका कमी झाल्या. चौतिसाव्या दिवशी मी गेले तेव्हा तो नव्हता. त्या दिवशी दिवसभर थांबले. पस्तिसाव्या दिवशीही थांबले. छत्तिसाव्या दिवशी डॉक्टरांचं पत्र आलं, वर कार्यालयाचा शिक्का. फेरविचार झाला आहे, कुरण चराईसाठी पुन्हा खुलं करण्यास हरकत नाही. बैठक त्यांनी लवकर घ्यायला लावली होती, एवढं श्रेय त्यांच्या पदरात टाकायला हवं. दादाने पत्र उभ्या उभ्या वाचलं, घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं. कुणाच्या मेंढ्या, असं त्याने विचारलं नाही.

नियमाप्रमाणे निकाल लागला की मोजायचं असतं. नव्या, सुधारलेल्या नियमाप्रमाणे घरटं तरलं असो की गेलं, गवत अंडी पडल्यापासून अठ्ठाविसाव्या दिवशीच मोजायचं असतं, पिल्लं निघायची तारीख धरून. इथे कुठली तारीख धरायची? अंडी पडलीच नव्हती. तरी संध्याकाळी मी वही घेऊन आत गेले, कारण दुसरं काय करायचं ते मला येत नाही. दादा माझ्यामागून आला. आम्ही एकेका खळग्याशी थांबत गेलो. आत पावसाचं थोडं पाणी, एखादं पीस, बाकी काही नाही. प्रत्येक खळगा नीट गोल होता. मी रकाने भरले. खळगे तेवीस. अंडी नाहीत. पिल्लं नाहीत. गवताच्या रकान्यापाशी माझा हात थांबला, फूटपट्टी पिशवीतून काढवेना.

दादा खाली बसला. करंगळी जमिनीला टेकवून त्याने चार बोटं आडवी धरली. मधल्या दिवसांत नवं गवत आलं होतं, पण दर रविवारी, नर पाण्याकडे गेला की, आम्ही छाटत राहिलो होतो. पाती त्याच्या बोटांच्या वरच्या कडेला येऊन थांबली होती. तो बराच वेळ हात तसाच धरून बसला, जणू घाई केली तर माप चुकेल.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "लिही."

मी लिहिलं. त्याने गुडघ्याला हात देऊन उठून डबा उचलला आणि पाळीची वेळ झाली म्हणून तो गोदामाकडे निघून गेला.